‘सिस्टीम तशीच आहे’ म्हणणाऱ्या कंपनीला काय विचारायचं?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आमचं सॉफ्टवेअर एका खाजगी कंपनीचं आहे. त्यातल्या दोन गोष्टींनी मला वैताग आणलाय. पहिली म्हणजे, सेव्हिंगच्या व्याजात पन्नास पैसे आले की कधी ते पुढच्या रुपयात जातात, कधी उडून जातात. पासबुकात २१२ रुपये दिसतात आणि व्याजयादीत २१३. सभासद काउंटरवर येऊन भांडतात. दुसरी म्हणजे, पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा संध्याकाळी कॉम्प्युटरवर घेताना नेट अडकलं आणि पुन्हा बटण दाबलं, तर कधीकधी तोच भरणा दोनदा जमा होतो. मग किर्दीत जास्त आणि पेटीत कमी. दोन्हींसाठी फोन केला की उत्तर एकच : ‘मॅडम, हा एरर नाहीये. सिस्टीम तशीच डिझाइन केलेली आहे.’ एकदा फरक काही केल्या सापडेना, तेव्हा १,४०० रुपये मी माझ्या पर्समधून भरले, कारण मॅनेजर साहेब म्हणाले डे-एंड अडवू नका. यांना ग्राहक मंचात खेचता येईल का? की मलाच काही कळत नाही?

— वैतागलेली क्लार्क, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला चांगलं कळतं. पत्र छापताना मी ते बरंच कमी केलंय. मूळ पत्रात व्याजाच्या एका रुपयावर दीड पान आहे, पिग्मीवर पाचसहा ओळी आणि पर्समधून भरलेल्या पैशांवर एकच वाक्य, तेही जाता जाता. मला काळजी वाटते ती नेमकी उलट्या क्रमाने, म्हणून शेवटापासून सुरू करते.

पर्समधून पैसे भरणं आजपासून बंद. रक्कम कितीही लहान असो, साहेब कितीही घाईत असोत. स्वतःचे पैसे घालून तुम्ही पेटी जुळवली की त्या दिवसाची किर्द कायमची सांगत राहते की सगळं ठीक होतं. सॉफ्टवेअर चुकलं याचा तुमच्या हातातला पुरावा म्हणजे तो फरक, आणि तोच तुम्ही पदरचे पैसे घालून पुसून टाकलात. उद्या मोठी रक्कम तुटली आणि तुम्ही म्हणालात की हे पूर्वीपासून होतंय, तर समोरचा जुन्या किर्दी उघडून विचारेल, कुठे आहे तूट? वर असंही म्हणेल की चूक तुमची नव्हती तर पैसे का भरलेत?

मी उगाच घाबरवत नाहीये. ब्रिटनच्या पोस्टात हे घडून गेलंय. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली, फुजित्सू कंपनीची. गावोगावच्या शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर हे बहुतेक छोटे दुकानदार, दुकानातच पोस्टाचं काउंटर. तूट आली की ती त्यांनी भरायची, असा पोस्टाने त्यांच्या कराराचा अर्थ लावलेला. नवी प्रणाली आली आणि तुटी दिसायला लागल्या. हेल्पलाइनला फोन केला की कित्येकांना ऐकवलं गेलं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. लोकांनी बचत मोडली, नातेवाइकांकडून उसने घेतले, घरं गहाण टाकली आणि तुटी भरल्या. काहींनी शाखा बंद पडू नये म्हणून हिशेब जुळल्याची सही केली आणि त्याच सहीवरून त्यांच्यावर खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा लागला. एकूण ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट चालवणाऱ्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला २०२१ उजाडलं. माजी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र येऊन कोर्टात गेले, तेव्हा कुठे डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांच्यामुळे नसलेली तूट दिसू शकत होती.

त्या दोषांपैकी एक तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावचा, २०१५ सालचा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवलेल्या ८,००० पौंडांची आवक नोंदवताना स्क्रीन जागचा हलेना. काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. दर वेळी तेच ८,००० नव्याने नोंदले गेले आणि हिशेबात २४,००० पौंड जास्तीचे दिसू लागले. किर्दीत जास्त, पेटीत कमी. ओळखीचं वाटतंय ना?

तुमच्या संस्थेत कोणी तुरुंगात जाईल असं मला म्हणायचं नाही. पण पिग्मीचा प्रश्न व्याजाच्या रुपयाच्या पंगतीत बसवू नका. तो वेगळ्या जातीचा आहे.

‘तशीच डिझाइन आहे’ याचा इथे अर्थ एवढाच, की ‘तुम्ही दोनदा दाबलं म्हणून दोनदा जमा झालं’. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावी नेट अडकणं हा अपवाद नव्हे, ती रोजची गोष्ट आहे. ती धरूनच असं सॉफ्टवेअर लिहायचं असतं आणि त्याची रीत जुनी, साधी आहे. मशीनचा नंबर, तारीख आणि पावतीचा नंबर मिळून प्रत्येक भरण्याची एक ओळख ठरते. तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर सॉफ्टवेअरने ‘ही पावती आधीच जमा आहे’ असं म्हणून ती नाकारायची. मग माणसाने एकदा दाबो नाहीतर दहादा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक उगाच नसतो.

तेव्हा एक करा. दोनदा जमा झालेल्या भरण्याच्या दोन्ही नोंदी काढा आणि त्यांचे पावती नंबर बघा. नंबर एकच असेल तर विषय संपला. एकाच नंबरच्या दोन पावत्या घेणारं सॉफ्टवेअर हिशेबाच्या कुठल्याच रीतीत बसत नाही. आणि दुसऱ्या वेळी नवा नंबर पडत असेल, तर पावतीची ओळख मशीनवर न ठरता तुमच्या कॉम्प्युटरवर ठरते आहे. हे जास्त वाईट. मग पुरावा म्हणून मशीनमधून निघणारी दिवसाच्या एकूण भरण्याची चिठ्ठी जपून ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत नेट अडकलं की पुन्हा बटण दाबायचं नाही. आधी त्या एजंटाचा त्या दिवसाचा जमा तपशील उघडायचा, मशीनच्या चिठ्ठीशी बेरीज ताडायची, मग पुढचं. दोन मिनिटं जातात, पण रात्री आठला पेटी पुन्हापुन्हा मोजण्यापेक्षा बरं. तरीही फरक राहिलाच तर तो सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, टाका. तपशिलात ‘पिग्मी भरणा दुबार, एजंट अमुक, वेळ तमुक’ असं स्पष्ट लिहा आणि मॅनेजर साहेबांची सही घ्या. डे-एंड अडत नाही आणि फरक कागदावर जिवंत राहतो.

आता तुमचा लाडका रुपया. इथे मात्र कंपनी निम्मी बरोबर असण्याची दाट शक्यता आहे.

पन्नास पैसे ‘कधी’ वर जातात, ‘कधी’ उडतात असं तुम्ही म्हणता. त्या कधीला नियम आहे का, एवढंच तपासा. २१२.५० चे २१२ झाले आणि २१३.५० चे २१४, २१४.५० चेही २१४, असं दिसलं तर समजा की उत्तर दर वेळी सम आकड्यावर उतरतंय. याला म्हणतात बँकर्स राउंडिंग. पन्नास पैसे नेहमीच वर ढकलले तर हजारो खात्यांच्या बेरजेत रक्कम एकाच बाजूला फुगत जाते, म्हणून निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली, असा तो हिशेब. यात चूक काही नाही. गंमत अशी, की एक्सेलच्या चौकटीत २१२.५ राउंड केलं तर २१३ येतात आणि त्याच एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामात, राउंड केलं तर २१२. एकाच कंपनीच्या, मायक्रोसॉफ्टच्या, एकाच प्रोग्रामात दोन उत्तरं, आणि दोन्ही तिच्या माहितीपत्रकात लिहिलेली! व्हिज्युअल बेसिक आणि डॉटनेट या तिच्याच प्रोग्राम लिहायच्या साधनांमध्ये वेगळं सांगितलं नाही तर राउंडिंग सम आकड्याकडेच होतं. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस मात्र पन्नास पैसे वर नेतो. माझा कयास असा की तुमचं पासबुक छापणारा भाग व्याज प्रोग्रामात राउंड करतो आणि व्याजयादी ते डेटाबेसात करते. म्हणून २१२ आणि २१३.

म्हणजे ‘तशीच डिझाइन आहे’ हे खरंय का? इथेच त्यांना धरायचं. डिझाइन कोणाचं? मायक्रोसॉफ्टने आपल्या भाषेपुरतं ते ठरवलं, हे खरं. तुमच्या कंपनीतल्या कोणी बसून ‘पतसंस्थेच्या व्याजाला हे लावू’ असं ठरवलं होतं का? मला शंका आहे. ठरवलं असतं तर पासबुक आणि यादी एकमेकींशी भांडल्या नसत्या. आणि ज्यांच्या व्याजाचा हा हिशेब, त्या तुमच्या संस्थेने तर काहीच ठरवलेलं नाही. आपोआप जे झालं त्याला नंतर डिझाइन म्हणायचं, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार.

खरोखर ठरवून केलेली गोष्ट कशी दिसते ते बघायचं असेल तर एक्सेलच्या चौकटीत ६० लिहा आणि तिला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० येईल. असा दिवस कधी उगवलाच नाही, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक मुळात लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामची. त्याच्या फायली एक्सेलमध्ये जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली. आता दुरुस्त केली तर जगभरातल्या तारखा एका दिवसाने सरकतील, म्हणून करत नाही, हे त्यांनी उघडपणे लिहून ठेवलंय. पटो न पटो, कारण समोर आहे, त्याप्रमाणे आपल्याला वागता येतं. तुमच्या कंपनीकडून एवढंच हवंय. फोनवरचं ‘तसंच आहे’ यात बसत नाही.

फोनवरच्या त्या मुलावर फार चिडू नका. त्या खुर्चीत मी काही वर्षं काढली आहेत. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, बहुतेक करारांत एरर फुकट दुरुस्त करायचा असतो आणि बदल केला तर त्याचे पैसे लावता येतात. त्यामुळे तुमची तक्रार ‘एरर’च्या रकान्यात टाकली की खर्च कंपनीच्या माथी, ‘बदला’च्या रकान्यात टाकली की तुमच्या. कुठल्या रकान्यात टाकायची हे त्या मुलाच्या हातात फारसं नसतं, आणि फोन किती मिनिटांत संपवला ते मात्र मोजलं जातं. त्याच्याशी ‘हा एररच आहे’ असा वाद घालणं म्हणजे रकान्यावरून भांडणं. त्यात तुम्ही जिंकणार नाही. वाद सोडा आणि कागद मागा.

ईमेल लिहा, फोन नको. संस्थेच्या ईमेलवरून, मॅनेजर साहेबांना प्रत ठेवून. रागाचा एकही शब्द नको. पिग्मीसाठी एक, व्याजासाठी वेगळा. दोन्ही एकात घातले तर ते सोप्याचं उत्तर देतील आणि अवघड विसरतील. मजकूर साधारण असा ठेवा :

‘अमुक तारखेला, आवृत्ती क्रमांक अमुक (तो बहुधा स्क्रीनच्या तळाशी असतो), खाते क्रमांक अमुक. व्याज २१२.५० आले. पासबुकात २१२ आणि व्याजयादीत २१३ छापले. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. हे ठरवून केलेले आहे असे आपण फोनवर सांगितले. तरी कृपया लेखी कळवावे : हा नियम कोणी व केव्हा ठरवला? मॅन्युअलच्या कोणत्या पानावर आहे? पासबुक आणि यादी यांपैकी कोणता आकडा संस्थेने खरा मानायचा?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन्ही खरे आहेत असं कोणालाही लिहून देता येत नाही.

आणि उदाहरण द्याल ते लहान, कोणालाही करून बघता येईल असं द्या. ‘व्याज नेहमी चुकतं’ असं लिहिलंत तर उत्तर येणार, आमच्याकडे बरोबर येतंय. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराचा दोष निघाला. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना तो आपल्या गणितांत सापडला. इंटेलचं म्हणणं, साध्या स्प्रेडशीट वापरणाऱ्याला हा दोष २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल त्याने आपल्याला तिची गरज का आहे ते पटवून द्यावं. पण तोवर लोकांच्या हाती एक सुटसुटीत भागाकार लागला होता : ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर १.३३३८ च्या घरात यायला हवं, दोष असलेल्या चिपवर ते १.३३३७ यायचं. ज्याच्या टेबलावर पेंटियम होता त्याला मिनिटभरात बघता येत होतं. त्यापुढे २७,००० वर्षं टिकली नाहीत. त्याच डिसेंबरात इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. तुमचा भागाकार म्हणजे तो २१२.५० चा आकडा. तो त्यांच्या ऑफिसातल्या चाचणीच्या खात्यावर त्यांनाच करून बघायला सांगा.

आता संस्थेच्या बाजूचं काम. हे मला कंपनीच्या ईमेलइतकंच महत्त्वाचं वाटतं आणि याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. पोटनियमात किंवा व्याजदराच्या ठरावात पन्नास पैशांचं काय करायचं ते लिहिलंय का? बहुतेक नसेल. सरकारनेसुद्धा जीएसटी कायद्यात कलम १७० घालून लिहून ठेवलंय की ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. तसाच दोन ओळींचा ठराव संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत करून घ्या. मंडळाने काय ठरवावं यावर माझं काही मत नाही. वर नेणं सभासदांना समजायला सोपं, एवढंच म्हणेन. ठराव झाला की ‘हा एरर की डिझाइन’ हा प्रश्नच उरत नाही. संस्थेचा लेखी नियम एक आणि सॉफ्टवेअर करतंय दुसरं, एवढं पुरतं. त्याचे ते पैसे मागतीलही. मागू देत. एएमसीच्या नूतनीकरणाच्या वेळी हा ठराव टेबलावर ठेवा. वर्षातून तेवढ्याच वेळी कंपनीचा वरचा माणूस स्वतःहून फोन करतो. त्याच कागदात पिग्मीची दुबार पावती नाकारण्याची अट घाला आणि तिच्यासाठी मात्र एक पैसा जास्त देऊ नका.

सगळ्या कंपन्या लवकर ऐकतील असंही समजू नका. मानवी जनुकांची ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं आपटलं आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. हा आपोआप होणारा बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये. तुमची कंपनी छोटी आहे आणि आसपासच्या तालुक्यांतल्या संस्थाच तिचं गिऱ्हाईक असणार. ही तुमची जमेची बाजू. शेजारच्या ज्या संस्था हेच सॉफ्टवेअर वापरतात, तिथल्या क्लार्कला एक फोन लावा. त्यांच्याकडेही पावत्या दुबार होत असतील तर ‘तुम्ही एकट्याच’ हे उत्तर तिथेच संपलं.

ग्राहक मंचाचं विचारलंत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा ‘ग्राहका’च्या व्याख्येतून वगळली आहे. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी घेतली असेल तर सवलत आहे, पण पतसंस्था त्यात बसवणं कठीण. तिथे पहिली भांडणं तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच होतील. शिवाय खटला संस्थेने भरायचा, तुम्ही नव्हे. मी त्या वाटेला जाणार नाही.

ऑडिटरकडे मात्र जरूर जा, आणि ऑडिटची वाट बघू नका. सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे दरवर्षी ऑडिट होतंच. तेव्हा हे त्यांनी शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधी लेखी सांगितलेलं कधीही चांगलं. ईमेलच्या प्रती, मशीनच्या चिठ्ठ्या आणि सस्पेन्सच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून द्या. ऑडिटरच्या शेऱ्यात सॉफ्टवेअरचा उल्लेख आला की संचालक मंडळाला त्यावर उत्तर द्यावंच लागतं, मग मॅनेजर साहेबांची घाईही कमी होते.

राहिले तुमचे १,४०० रुपये. त्या दिवसाचा पिग्मीचा भरणा मशीनच्या चिठ्ठीशी आज पुन्हा ताडून बघा. चिठ्ठी नसेल तर एजंटाकडच्या पावत्या किंवा खातेदारांच्या पासबुकांतल्या नोंदी बघा. दुबार नोंद तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे. सापडली की ती उलटवायचा आणि तुमचे पैसे परत करायचा अर्ज मॅनेजरच्या नावे द्या, तारीख घालून, आणि पोच घ्या. साहेब म्हणतील, ‘ताई, एवढ्याशा पैशासाठी अर्ज कशाला?’ म्हणू देत. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.